तीन नंबर हलत नाही

आमच्या साइटवर दोन गोष्टी आपोआप साचतात. एक, फ्लोटांना चिकटणारे शिंपले. आणि दुसरे, किस्से. शिंपले खरवडायला सुलूवयनी आहेत. किस्से खरवडायला कोणी नाही, त्यामुळे ते माझ्याच अंगावर चढत गेलेत. परवा एका लग्नाच्या पंगतीत त्यातला एक सांगायला घेतला, तर वाढपी सोलकढीचं भांडं घेऊन तिथेच उभा! मागच्या पंगतीने मला शिव्या घातल्या. तेव्हा आता सगळे एकदाच सांगून मोकळा होतो.

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या भानगडीत पडणारा माणूस नाही. जामसंड्याचा आहे, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे. 'दिसत नाही ते नसतंच' असं म्हणणाऱ्याला मी सरळ वायर धरायला देतो.

काम काय, तर मालवणच्या बाजूला एका लहानशा बंदरात लाटांपासून वीज. बंधाऱ्यासमोर पाण्यात पाच पिवळे फ्लोट, माणसापेक्षा उंच, ओळीने दोरखंडाला बांधलेले. लाट आली की फ्लोट वर, गेली की खाली, आणि त्या वरखाली होण्यावर पोटातला जनरेटर फिरतो. भर समुद्रात न टाकता बंधाऱ्याजवळच का? कारण लाट भिंतीवर आपटून परत फिरते. येणारी आणि परतणारी, अशा दोघी जिथे भेटतात तिथे पाणी दुप्पट उसळतं. तिथे फ्लोट बसला की चांदी! पण त्याच दोघी काही ठिकाणी एकमेकींना मारतात. तिथे पाणी निजल्यासारखं असतं. फ्लोट कुठे मांडायचा, सगळी मेख त्यात.

मांडणी वसुधा मॅडमची. मॅडम पुण्याच्या, हुशार, आणि कशालाही उत्तर एकच: 'रिफ्लेक्शन!' पहिल्या दिवशी आम्हाला बंधाऱ्यावर उभं करून म्हणाल्या, "भिंत आपल्याला लाट परत देते. फुकट! एकाच लाटेकडून दोनदा वसूल करायचं!"

आमचे वॉचमन तात्या शेजारी विडी ओढत होते. तात्या गावचे मानकरी, देवळात पहिला नारळ त्यांचा. ते म्हणाले, "मॅडम, बंधारो झाल्यापासून दर्यो सगळा परत देता. पण आपणाक होया ताच देता, असा नाय."

मॅडम हसल्या. आमची होडी चालवणारा बाबू तांडेल तर पोट धरून हसला.

*

बाबू म्हणजे सुलूवयनींचा नवरा. पहिल्याच पावसाळ्यात गेला. 'गेला' असं मी इथे म्हणतो, वयनींसमोर कधी म्हटलं नाही.

तीन नंबरचा दोर अडकला होता. समुद्राला फुगवटा होता. बाबू म्हणाला, एवढ्यासाठी चार माणसं कशाला? वयनी धक्क्यावर ओढून आणलेला दोन नंबर खरवडत होत्या. त्यांना "येतंय गो, जेवाण वाडून ठेव," असं सांगून होडी घेऊन गेला. थोड्या वेळाने होडी एकटीच परत आली आणि पायऱ्यांना लागून शहाण्यासारखी उभी राहिली. मशीन चालू. बाबू नाही.

पार वेंगुर्ल्यापर्यंत शोधलं. चप्पल नाही, टोपी नाही, काही म्हणजे काही मिळालं नाही. माझा दोस्त होता तो. आजही आठवला की घास उतरत नाही. एवढं सांगून ठेवतो, मग पुढे हसायचं तिथे हसा.

सासू म्हणायची, दर्भाचा पुतळा करून क्रिया करून टाकू, पोराला वाट मिळू दे, यंदा पितृपक्षात म्हाळाला तरी त्याचं नाव घेऊ. वयनी कपाळाला कुंकू लावून रोज कामावर यायच्या आणि एकच सांगायच्या, "येतंय म्हणान गेले. आता येवचे नसात तर त्येंनी स्वतः सांगूक होया. तवसर नाय."

गाव म्हणायचा, डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हणायचो, गावाने गप्प बसावं.

*

आणि तेव्हापासून तीन नंबर हलायचा थांबला.

ऑफिसातल्या स्क्रीनवर पाच फ्लोटांच्या पाच रेघा असतात. एक, दोन, चार, पाच नागमोडी. तीनची सरळ, फूटपट्टीने मारावी तशी. मला वाटलं केबल गेली. बदलली. मीटर गेला असेल. बदलला. शेवटी बंधाऱ्यावर जाऊन डोळ्यांनी पाहिलं. आवशीचो घो! आजूबाजूचे चार फ्लोट फुगडी घालताहेत आणि तीन नंबर टेबलावर ठेवलेल्या तांब्यासारखा गप्प. त्याच्याभोवती पाण्याची एक गोल चकती, तेलासारखी सपाट.

मॅडम म्हणाल्या, "रिफ्लेक्शन! आपण नेमका निजलेल्या पाण्यात मांडलाय. पण घाबरू नका. लाटांची लांबी बदलली की ही जागा सरकेल."

पावसाळा संपला. लाटांची लांबी बदलली. थंडीत समुद्र नुसता वाटीतल्या दुधासारखा झाला, मग उन्हाळ्यात पुन्हा उसळायला लागला. वारे फिरले, सगळं फिरलं. जागा काही सरकली नाही. एक दिवस मॅडम स्क्रीनवर हात आपटून ओरडल्या, "लाट बदलली की जागा बदलायलाच हवी! निदान एवढं तरी पाळा!"

कोणाला सांगत होत्या, त्यांनाही कळलं नसावं. उत्तर तात्यांनी दिलं, "मॅडम, दोन आणि चार बघितलास? तुमच्या हिशोबापेक्षा जास्ती देतत. आपल्या वाटणीचा तो शेजाऱ्याक देता."

बाबूचा स्वभाव अगदी तसाच होता, हे खरं.

*

मधे मॅडमनी बंधाऱ्याच्या पोटात एक हवेची पेटी बसवली. पाणी आत घुसलं की हवा दाबली जाते, तिच्यावर पंखा फिरतो, अशी ती युक्ती. पेटी बसवली आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या बायका गेटवर! म्हणे बंधाऱ्यातून कोणीतरी उसासे टाकतंय.

खरंच आवाज येत होता. लांब, थकलेला, लाटेगणिक एक. वयनी खरवडणं थांबवून ऐकत बसल्या होत्या.

मॅडम मात्र खूष. सगळ्यांना पेटीजवळ नेलं, हवा कशी दाबली जाते ते समजावलं आणि भर गर्दीत व्हॉल्व बंद केला. आवाज बंद! बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "शिकललो माणूस तो शिकललोच!" सगळ्या घरी गेल्या.

तात्या तेवढे मागे राहिले. डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, ही पेटी तुमी काल बसवलास. मगे परवा खंयचो व्हॉल्व वाजत होतो?"

*

आमच्याकडे भर दुपारी बंधाऱ्यावर कोणी जात नाही. त्या वेळी राखणदार, म्हणजे गाव सांभाळणारा अदृश्य रखवालदार, फेरी मारतो, अशी समजूत आहे. मी पण जात नाही. ऊन फार असतं.

सावंतवाडीहून एक ड्रोनवाला आला होता. वरून लाटांचं शूटिंग हवं होतं मॅडमना. आला तो नेमका भर दुपारी. तात्या म्हणाले, "वायच थांब. च्या घे. दुपार कलंडती होवंदे, मगे उडव." तो म्हणाला, "आजोबा, बॅटरीला भूत लागत नाही!"

उडवला. मग ऑफिसात आम्ही सगळे चित्रण बघायला बसलो. काय सुंदर! येणाऱ्या लाटा, परतणाऱ्या लाटा, पाण्यावर जाळं टाकल्यासारखी नक्षी. मॅडम खुर्चीतून उठून दाखवायला लागल्या, "हे बघा, इथे भेटतात! हे बघा, इथे उसळतं!" मधेच त्यांचं बोट थांबलं.

ड्रोन बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालला होता. खाली कोरडंठाक, तापलेलं काँक्रीट. त्यावर ओली पावलं, पायऱ्यांपासून तीन नंबरच्या समोरपर्यंत. मागची वाळत चालली होती, पुढची ओलीच. आणि चित्रात माणूस कुठेच नाही.

मागे दारात वयनी कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. पडद्याकडे बघून चिडक्या आवाजात म्हणाल्या, "कितीदा सांगलंय, उनात चपला घालून फिरा म्हणान! आयकतले तर शपथ!"

ड्रोनवाल्याने चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली. त्याची छत्री अजून आमच्याकडे आहे. फोन केला की म्हणतो, राहू दे.

*

वयनींच्या जेवणाचा किस्सा तर माझ्याच अंगाशी आला.

त्या रोज एक ताट बंधाऱ्यावर नेऊन ठेवत, तीन नंबरच्या समोर. वरून दुसरं ताट झाकण आणि त्यावर हा एवढा धोंडा. मला आधी कळेना, धोंडा कशाला? मग विचारलं. म्हणाल्या, "कावळ्यान तोंड लावल्यान काय लोक म्हणतले, पिंडाक कावळो शिवलो. माका ता नको. ह्या जेवाण आसा, पिंड नाय." दुपार कलली की ताट परत आणायच्या आणि स्वतः जेवायच्या. इतके दिवस उपाशी काम करायच्या त्या, आणि आम्ही शेजारी बसून डबे खायचो. लाज वाटली मला त्या दिवशी.

एका सोमवारी त्या ताट आणायला गेल्या. धोंडा जागेवर. झाकण जागेवर. ताट लख्ख!

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. का, तर मी खादाड! मी ओरडलो, "अहो, बांगड्याचं तिखलं होतं त्यात आणि आज सोमवार! मी सोमवारी मासे खात नाही हे पंचक्रोशीला माहीत आहे!" तात्या म्हणाले, "ता खरा. ह्यो सोमवारचो मासो खायत नाय." मी सुटलो. पण मी सुटल्यावर मग खाल्लं कोणी, हा प्रश्न उरला, आणि तो विचारायला कोणी तयार होईना.

वयनी रिकाम्या ताटाकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "आज मीठ वायच जास्ती पडलेला. पण बोलले नाय काय."

आणि पदर तोंडाला लावून रडल्या. बाबू नाहीसा झाल्यापासून पहिल्यांदा.

*

आता हा शेवटचा. हा सांगताना मधे कोणी बोलायचं नाही.

या वर्षी पावसाळा ओसरता ओसरता मुंबईचे मोठे साहेब आले. स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "पाचातला एक मेलेला आहे. तो काढून चालत्या जागेवर मांडा. पुढच्या फेरीला पाचही रेघा हलताना दिसल्या नाहीत तर साइट बंद. सामान दुसऱ्या किनाऱ्यावर हलवू." साहेबांना 'मेलेला' म्हणजे फ्लोट म्हणायचं होतं. तरी वयनींच्या हातातली खरवडायची पट्टी खाली पडली.

तीन नंबर काढायचा म्हणजे होडी हवी. होडी आता बाबूचा धाकटा भाऊ गणू चालवतो. गणू एका वाक्यात बाजूला झाला, "वयनी व्हय म्हणा दे, मगेच मी दोराक हात लावतलंय." मालवणहून भाड्याची होडी आणली. तिचं मशीन त्या सपाट पाण्याजवळ गेलं आणि बंद पडलं. होडी सरकत सरकत आपोआप पायऱ्यांना येऊन लागली. तो तांडेल भाडं न घेता गेला. आमच्या किनाऱ्यावर तांडेल भाडं सोडून जातो, यावरून काय ते समजा.

मग मॅडम स्वतः वयनींकडे गेल्या. मी बरोबर होतो. मॅडम म्हणाल्या, "सुलूताई, माझी इतक्या वर्षांची मेहनत आहे हो. आणि साइट गेली तर तुमचंही काम जाईल."

वयनी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पयल्या दिवशी तुमीच सांगलेलास, भिंतीक लागला काय सगळा परत येता. लाट येता. होडी पण इली. मगे माझा माणूस तेवढो कित्याक नाय?"

मॅडमचा चेहरा पडला. वयनींचा हात धरून तशाच बसून राहिल्या. दोघींच्याही डोळ्यांत पाणी आणि मी आपला भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय.

तोड तात्यांनी काढली. "बंधाऱ्यावर गाऱ्हाणा घालूया. देवाक आणि राखणदाराक सांगूया. आणि बाबूकच इचारूया." गाऱ्हाणं म्हणजे मानकरी देवापुढे एकेक मागणं मोठ्याने बोलतो आणि बाकीच्यांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

वयनी म्हणाल्या, "इचारा. पण आधीच सांगतंय. ते गप रवले, तर फ्लोट थंयच रवतलो. मगे साइट जाव नायतर रव."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सायन्स निघणार. तर म्हणाल्या, "चालेल. मला मान्य आहे."

सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही बंधाऱ्यावर जमलो. तात्या, गणू, मॅडम, मी आणि वयनी. बाकी गाव धक्क्यावर उभा, पुढे यायला कोणी तयार नाही. भरती पूर्ण होती. खाली काँक्रीटच्या ठोकळ्यांत पाणी आपटत होतं आणि समोर तीन नंबर सपाट चकतीत बसलेला. तात्यांनी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! गावच्या राखणदारा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात उभी रवली आसत, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात, तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मॅडमसुद्धा म्हणत होत्या, एकदम खणखणीत. वयनी मात्र नाहीत. त्या मान खाली घालून नुसत्या ऐकत होत्या. प्रत्येक वेळी आम्ही म्हणून झालं की त्यांचे डोळे पाण्याकडे जायचे आणि परत खाली यायचे. मला ते बघवेना.

शेवटचं मागणं आलं.

"ह्या पाण्यात आमचो बाबू अडकललो आसात, तर त्येना आता आपल्या माणसांचो निरोप घेवचो, आणि सुखान आपल्या वाटेक लागूचा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

संपलं. एक लाट आली, आपटली, परत गेली. दुसरी आली, तीही गेली. काही नाही. गणूने तोंड फिरवलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. वयनी परत फिरायला लागल्या आणि तात्यांनी नारळ फोडायला हात उचलला.

"व्हय म्हाराजा."

खालून. ठोकळ्यांच्या मधून. एकट्याचा आवाज, खोकून घसा साफ करून बोलावं तसा, आणि आम्हा सगळ्यांचं म्हणून झाल्यावर कितीतरी वेळाने.

तात्यांचा हात तसाच वर राहिला. माझं अंग असं काही गार पडलं की आता सांगतानाही काटा येतोय, बघा, हात लावून बघा.

हलल्या त्या फक्त वयनी. सरळ कठड्यापर्यंत गेल्या, कमरेवर हात ठेवले आणि खाली वाकून ओरडल्या, "इतके दिस तोंडात गुळणी धरून बसलेलास काय?"

मग त्यांनी पदराने आधी डोळे पुसले, नंतर कपाळ पुसलं आणि आमच्याकडे वळल्या.

"भावजी," त्या गणूला म्हणाल्या, "होडी काढा. आणि येताना भटजींक सांगान येवा."